नवे ग्राफिक्स कार्ड बसवूनही व्हीआर अडखळते तेव्हा: आधी दोष शोधावा, मग कार्ड निवडावे

नागपुरात एप्रिल लागला की गेमिंगचा संगणक बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरल्याप्रमाणे सुरू होते. हिवाळ्यात उत्तम चालणारे यंत्र व्हीआरचा (आभासी वास्तवाचा) हेडसेट चढवल्यावर थोड्याच वेळात अडखळू लागते, मान वळवली की समोरचे दृश्य क्षणभर मागे राहते, त्यामुळे मळमळू लागते, आणि एखाद्या दुपारी तर अख्खे यंत्रच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन आणखी वरच्या श्रेणीचे कार्ड आणणे. पहिले काही दिवस फरक जाणवतो आणि मग तीच तक्रार, पुष्कळदा आधीपेक्षा तीव्र होऊन, परत येते.

याचे कारण असे की ‘कार्ड कमी पडते’ या एका वाक्याखाली अनेक निरनिराळे दोष दडलेले असतात. उष्णता, वीजपुरवठा, कार्डावरील मेमरी, प्रोसेसर, आणि संगणकापासून हेडसेटपर्यंतची जोडणी यांपैकी कशातही खोट असली तरी वापरणाऱ्याला बाहेरून दिसते ते अडखळणेच. यांतील मेमरीची टंचाई नव्या कार्डाने सुटते, आणि चित्र काढण्याची ताकदच अपुरी असेल तर अर्थात तीही सुटते. पण उष्णतेचा आणि विजेचा दोष मोठ्या कार्डाने उलट वाढतो. त्यामुळे पैसे मोजण्यापूर्वी दोन-तीन संध्याकाळी निदानासाठी खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे.

व्हीआर इतके जड का पडते

साध्या पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम (एकामागून एक दाखवली जाणारी चित्रे) हव्या असतील तर एक फ्रेम तयार करायला कार्डाला १६.७ मिलिसेकंद मिळतात. हेडसेट ९० हर्ट्‌झवर असेल तर हाच अवधी ११.१ मिलिसेकंदांवर येतो आणि १२० हर्ट्‌झवर ८.३ मिलिसेकंद उरतात. पडद्यावर एखादी फ्रेम चुकली तर डोळा ती बहुधा खपवून घेतो. हेडसेटमध्ये मात्र मानेची हालचाल आणि दृश्य यांची फारकत होते आणि ती शरीराला लगेच कळते. म्हणून व्हीआरमध्ये सरासरी फ्रेमसंख्या फारशी उपयोगाची नसते, प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ पाहावा लागतो.

पिक्सेलांचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. २०१६ मध्ये आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या दोन्ही हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर १०८० बाय १२०० पिक्सेल होते, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे २६ लाख. मेटा क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ बाय २२०८ पिक्सेल आहेत, म्हणजे एकूण सुमारे ९१ लाख, जे फोर-के पडद्याच्या ८३ लाखांहूनही अधिक भरतात. त्यातच भिंगांमुळे येणारी वक्रता भरून काढण्यासाठी मूळ चित्र पॅनेलपेक्षा मोठे काढावे लागते. लांबी आणि रुंदी दोन्ही सुमारे १.४ पट धरली तर काम जवळजवळ दुप्पट होते. ‘फोर-केवर सगळे गेम चालतात, मग व्हीआर का नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात मिळावे.

येथे एक फसवी गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण अनेक अनावश्यक खरेद्या तिच्यामुळे होतात. ९० हर्ट्‌झच्या हेडसेटवर कार्डाला एका फ्रेमसाठी सतत १२ मिलिसेकंद लागू लागले, म्हणजे मर्यादा जेमतेम एका मिलिसेकंदाने ओलांडली, तर सॉफ्टवेअर गेमची गती थेट निम्म्यावर, सेकंदाला ४५ फ्रेमवर, आणते आणि मधल्या फ्रेम अंदाजाने भरते. स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरमध्ये याला मोशन स्मूदिंग म्हणतात आणि मेटाच्या प्रणालीत स्पेसवॉर्प. परिणाम असा होतो की किंचित कमी पडणारे कार्ड आणि फारच कमी पडणारे कार्ड, दोघांचाही आकडा ४५ च दिसतो. फ्रेमसंख्या ४५ वर खिळून बसलेली दिसली तर रेझोल्यूशन एक पायरी उतरवून पाहावे किंवा हेडसेट ७२ हर्ट्‌झवर आणावा. तेथे एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात आणि तेच कार्ड पूर्ण गतीने चालू लागते. हा उपाय फुकट आहे आणि तो सर्वांत आधी करावा.

नोंद ठेवल्याशिवाय निदान नाही

एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. हेडसेट वापरताना त्यांच्या नोंदी फाइलमध्ये साठवाव्यात आणि नंतर पाहाव्यात, कारण हेडसेट डोक्यावर असताना आकडे वाचणे जमत नाही. जीपीयूचे (कार्डावरील मुख्य चिपचे) तापमान, मेमरीचे तापमान, घड्याळाची गती (चिप किती वेगाने चालते ती), वीज किती घेतली जाते, व्हीरॅम (कार्डावरील मेमरी) किती भरला आहे आणि प्रोसेसरच्या एकेका कोअरवर किती भार आहे, एवढ्या गोष्टी पुरतात. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी जीपीयू-झेडमध्ये ‘परफकॅप रीझन’ नावाची ओळ असते आणि कार्डाची गती कशामुळे अडली आहे ते ती सांगते. ‘थर्म’ दिसले तर उष्णता, ‘पीडब्ल्यूआर’ दिसले तर वीजमर्यादा. भाराखाली विजेची मर्यादा लागणे हे पुष्कळ कार्डांचे नेहमीचेच वागणे आहे, त्याने घाबरून जाऊ नये. उष्णतेची मर्यादा लागणे मात्र दुरुस्तीचे लक्षण आहे. स्टीमव्हीआरच्या फ्रेम टायमिंग आलेखात प्रोसेसरचा आणि कार्डाचा वेळ वेगवेगळा दिसतो. तोही पाहून ठेवावा.

उष्णता: नागपूरचा पहिला संशयित

भार आणि पंख्यांची गती तीच राहिली तर खोलीचे तापमान जितके अंश वाढते, साधारण तितकेच अंश कार्डाचेही वाढते. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ६८ अंशांवर स्थिर राहणारे कार्ड मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८४ अंशांवर जाणारच, आणि एनव्हिडियाच्या अनेक कार्डांची मूळ तापमान-मर्यादा ८३ अंशांच्या आसपास ठेवलेली असते. त्या टप्प्यावर कार्ड स्वतःचे घड्याळ उतरवते, ११ मिलिसेकंदांत होणारे काम १२ वर जाते, आणि वर सांगितलेला ४५ फ्रेमचा सापळा लागतो. पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या मित्राचे तेच कार्ड तोच गेम बिनतक्रार चालवते, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

आरटीएक्स ३०८० पासून आलेल्या अनेक वरच्या कार्डांवरील जीडीडीआर६एक्स मेमरी याहून चटकन तापते. तिची मर्यादा ११० अंशांची आहे, आणि जीपीयूचा आकडा ७५ दिसत असतानाही मेमरी तेथे पोहोचलेली असू शकते. फक्त जीपीयूचे तापमान पाहून ‘गरम होत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे. मेमरी आणि जीपीयू यांच्या तापमानात फारच मोठी तफावत दिसत असेल तर थर्मल पॅड (मेमरीची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) सुकले आहेत किंवा नीट बसलेले नाहीत असा संशय घ्यावा.

उष्णतेचा दोष ओळखण्याची सोपी कसोटी वेळेची आहे. तोच गेम, तोच प्रसंग, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी तीनला चालवावा. पहाटे चित्र अडखळत नसेल, किंवा बऱ्याच उशिरा अडखळू लागत असेल, तर दोष उष्णतेचा आहे. दुपारच्या चाचणीत कॅबिनेटची बाजूची झडप काढून समोर टेबलपंखा लावावा. त्याने सुधारणा झाली तर कार्ड निर्दोष असून कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही एवढेच सिद्ध होते. उलट, थंड यंत्र सुरू केल्याबरोबर पहिल्याच मिनिटात चित्र अडखळत असेल तर उष्णतेचा नाद सोडून पुढच्या कारणाकडे वळावे.

कूलरविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण नागपुरातल्या बहुसंख्य घरांत संगणकाच्या खोलीला एसी नसून खिडकीतला कूलरच असतो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो चांगले काम देतो. जूनमध्ये पावसाच्या पहिल्या सरींनंतर हवेत दमटपणा येतो, बाहेरचा पारा उतरतो, आणि तरीही खोली पूर्वीइतकी गार होत नाही. ‘मे महिन्यात ठीक चालत होते, पाऊस आल्यावर बिघडले’ अशी कोड्यात टाकणारी तक्रार येते ती यामुळेच. दुसरे असे की कूलर चालू असताना हवा बाहेर जायला समोरचे दार किंवा खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो केवळ दमटपणा वाढवतो. तिसरे, कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात कधीही ठेवू नये. त्या झोतात ओलावा असतो, त्याने धूळ जाळ्यांवर आणि कार्डाच्या पाकळ्यांवर चिकटून बसते, आणि अशी चिकटलेली धूळ नुसत्या फुंकरीने निघत नाही. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्यासाठी हिशेब असा: एक टनाचा एसी सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि ६०० वॅट खाणारा संगणक त्यातला सहावा हिस्सा एकटाच खोलीत ओततो.

उन्हाळ्यापूर्वी एकदा ब्लोअरने सफाई करावी. ती करताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवावेत, मोकळे फिरू देऊ नयेत. त्यानंतर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणून पाहावी. बहुतेक नव्या कार्डांवर त्याने वेग थोडाच घटतो, पण तापमान आणि पंख्यांचा आवाज स्पष्टपणे उतरतो. माझ्या मते विदर्भात ही मांडणी मार्चपासून कायम ठेवावी आणि दिवाळीनंतर वाटल्यास मूळ स्थितीवर आणावी.

यंत्र बंद पडते: हा दोष वेगळा समजावा

अडखळणे आणि बंद पडणे यांची गल्लत करू नये. पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन चित्र परत आले, तर ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आणि विंडोजने तो पुन्हा उभा केला असे समजावे; इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत त्याची नोंद बहुधा ४१०१ या क्रमांकाने सापडते. पडदा काळा झाला, कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंघावू लागले, पण संगणकाचे दिवे चालूच राहिले, तर संशय कार्डावर किंवा त्याच्या वीजजोडणीवर घ्यावा. निळा पडदाही न येता सगळे यंत्र एका क्षणात बंद पडले तर मूळ बहुधा विजेत असते. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते, पण ती फक्त ‘यंत्र नीट बंद झाले नाही’ एवढेच सांगते, कारण सांगत नाही. ती पाहून एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलायला धावू नये.

आधी यूपीएसकडे पाहावे. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार उचलतो. आरटीएक्स ५०७० टीआय हे कार्ड एकटेच ३०० वॅटपर्यंत घेते. प्रोसेसर, मॉनिटर आणि बाकीचे धरले की हा यूपीएस केव्हाच ओलांडला जातो. उन्हाळ्याच्या दुपारी परिसरातले कूलर आणि एसी एकाच वेळी चालू होऊन वीजदाब उतरतो, यूपीएस ‘टक’ असा आवाज करून बॅटरीवर जातो, आणि तेवढा भार न पेलल्याने सगळेच बंद पडते. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतो, म्हणजे उतरलेला दाब त्याने स्वतः सहज सहन केला असता. यंत्र पडते ते संरक्षणासाठी लावलेल्या यूपीएसमुळे. घराच्या इन्व्हर्टरवर संगणक असेल आणि त्याचे बटण यूपीएस मोडवर असेल तर थोडा दाब उतरला तरी तो बॅटरीवर जातो, आणि तेथेही भाराचा प्रश्न तोच राहतो. चाचणी म्हणून एक दुपार संगणक यूपीएस वगळून, नीट अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटवर चालवावा. दोष नाहीसा झाला तर नवीन कार्डाऐवजी मोठा, शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा.

तरीही यंत्र पडत असेल तर एसएमपीएस तपासावा. आधुनिक कार्डे काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या सरासरीच्या बरीच वर उसळी घेतात, आणि जुना एसएमपीएस तिला बिघाड समजून स्वतःला बंद करतो. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सहन करावी अशी अट आहे. वरच्या श्रेणीच्या कार्डासाठी या किंवा यानंतरच्या मानकाचाच एसएमपीएस घ्यावा. कार्डाला दोन आठ-पिन जोडण्या लागत असतील तर एकाच केबलची दोन टोके न वापरता दोन स्वतंत्र केबल लावाव्यात. सोळा पिनांच्या नव्या जोडणीबाबत अधिक काळजी हवी. आरटीएक्स ४०९० च्या काळात ही जोडणी अर्धवट बसल्याने वितळल्याची प्रकरणे घडली आणि नंतर १२व्ही-२x६ या सुधारित रूपात तिच्या संवेदक पिना आखूड करण्यात आल्या. जोडणी पूर्ण आत गेली आहे याची खात्री करावी आणि तोंडापाशीच केबल वाकवू नये.

मेमरी, प्रोसेसर आणि केबल

व्हीरॅम अपुरा असला की सरासरी गती चांगली दिसते, पण नव्या जागेत शिरताना किंवा झटकन मागे वळताना ठळक हिसका बसतो. कार्डावर न मावलेली माहिती मुख्य रॅममधून आणावी लागते आणि ती वाट अतिशय अरुंद असते: आरटीएक्स ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ गिगाबाइट वाहते, तर पीसीआयई (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारा मार्ग) ३.० च्या जुन्या मदरबोर्डवर या कार्डाला मिळणाऱ्या आठ लेनमधून जेमतेम ८ गिगाबाइट जातात. टेक्श्चरचा दर्जा एक पायरी उतरवल्यावर हिसके थांबले तर निदान पक्के झाले. हा दोष कोणत्याही सफाईने जात नाही. येथे अधिक मेमरीचे कार्डच हवे.

प्रोसेसरची कसोटी याच्या उलट आहे. रेझोल्यूशन निम्मे करूनही फ्रेमचा वेळ जागचा हलला नाही, तर कार्ड रिकामे बसले असून प्रोसेसर मागे पडतो आहे. विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये हे नेहमी दिसते. बायॉसमध्ये रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम पूर्ण गतीने चालवणारी मांडणी) बंद राहिले असेल तर आधी ते चालू करावे.

क्वेस्टसारख्या हेडसेटमध्ये डिस्प्लेपोर्ट (कार्डाचे चित्र थेट घेणारी जोडणी) नसतो. कार्ड चित्र काढते, मग व्हिडिओसारखे दाबून यूएसबी किंवा वाय-फायवरून पाठवते. दृश्य चौकोनी ठोकळ्यांसारखे फुटत असेल, मध्येच गोठत असेल आणि कार्डाच्या नोंदी मात्र निर्दोष असतील, तर दोष वाटेत आहे. केबल मागच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावावी, किंवा राउटर त्याच खोलीत ठेवून तो संगणकाला लॅन केबलने जोडावा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्‌झवर घ्यावा. ड्रायव्हरचा संशय असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू या साधनाने जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा घालावा. यावर अधिक वेळ घालवू नये.

एवढे करूनही कार्डच हवे असेल तर

व्हीआरसाठी आज ८ गिगाबाइटचे कार्ड नव्याने घेऊ नये. क्वेस्ट २ किंवा त्याआधीच्या हेडसेटला १२ गिगाबाइटचे आरटीएक्स ४०७० अथवा ५०७० पुरते. क्वेस्ट ३ आणि जड सिम्युलेटर यांसाठी १६ गिगाबाइट हाच शहाणा टप्पा आहे, आणि त्यात आरटीएक्स ५०७० टीआय व आरएक्स ९०७० एक्सटी ही दोन कार्डे विचारात घ्यावीत. दोन्ही साधारण ३०० वॅटची आहेत आणि दोन्हींना ७५० वॅटचा एसएमपीएस लागतो. दाबलेल्या चित्रावर चालणाऱ्या हेडसेटसाठी मी एनव्हिडियाकडे झुकतो, कारण तिथे कार्डाच्या एन्कोडरच्या (चित्र दाबणाऱ्या भागाच्या) दर्जाला फार महत्त्व येते. डिस्प्लेपोर्टवर चालणाऱ्या हेडसेटला हा मुद्दा लागू नाही आणि तिथे किमतीवरून ठरवावे.

आरटीएक्स ५०९० मध्ये ३२ गिगाबाइट मेमरी आहे आणि ते ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. कूलरच्या भरवशावर असलेल्या खोलीत हे कार्ड आणणे मला अजिबात पटत नाही. तेथे ते उन्हाळाभर गळचेपी होऊनच चालेल, आणि त्या फरकाच्या पैशांत कमी श्रेणीचे कार्ड, उत्तम एसएमपीएस, मोकळे कॅबिनेट आणि मोठा यूपीएस असे सगळे बसते. एकाच श्रेणीतील निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्डांतून निवडताना जास्त घड्याळगतीपेक्षा मोठा हीटसिंक आणि तीन पंखे पाहावेत, पण घरून निघण्यापूर्वी कॅबिनेटमधील मोकळी लांबी मोजून न्यावी.

वापरलेले कार्ड घेताना सप्टेंबर २०२२ ही खूण लक्षात ठेवावी. त्या महिन्यात इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते चालवून चलन मिळवणे) संपले आणि त्यासाठी राबवलेली पुष्कळ आरटीएक्स ३० मालिकेची कार्डे बाजारात आली. अशा कार्डाचे मूळ बिल आणि त्यावरील सीरियल क्रमांक कार्डावरील क्रमांकाशी जुळवून घ्यावा, कारण वॉरंटीचा दावा पुढे त्यावरच ठरतो. दुकानातल्या एसीमध्ये पाच मिनिटे चालवून दाखवलेली चाचणी नागपूरच्या मे महिन्याविषयी काहीच सांगत नाही. निदान अर्धा तास पूर्ण भार देऊन मेमरीच्या तापमानाची नोंद मागावी, आणि गार खोलीतही तो आकडा १०० अंशांच्या वर जात असेल तर थर्मल पॅड बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा किंवा ते कार्ड सोडून द्यावे.